काचेची पाटी आणि कळफलक

१ फेब्रुवारी २०२१ या दिवशी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन अर्थसंकल्प मांडण्यासाठी संसदेत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लाल वेष्टनात ठेवलेला एक टॅब्लेट होता. २०१९ साली त्यांनी ब्रिटिश अमदानीपासून रूढ असलेल्या पेटीऐवजी लाल कापडात बांधलेले बहीखाते आणले होते; दोन वर्षांनी त्या बहीखात्याची जागा काचेच्या एका पातळ पाटीने घेतली. कागदांचा गठ्ठा गेला आणि देशाच्या जमाखर्चाचे भाषण एका उजळ पडद्यावरून वाचले गेले. ते दृश्य पाहून अनेकांच्या मनात एक प्रश्न सहज आला असेल. देशाचा अर्थसंकल्प जर या पाटीवर मावतो, तर घरातल्या टेबलावर जागा अडवून बसलेल्या संगणकाची आता गरज ती काय?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. भाषण वाचणे हे एक काम आहे आणि त्या भाषणामागची शेकडो कोष्टके जुळविणे हे दुसरे. पहिले काम पाटीने सुखाने पार पाडले. दुसऱ्या कामाला मोठा पडदा लागतो, कळफलक लागतो, चार कागद एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवण्याची सोय लागते. म्हणूनच टॅब्लेट संगणकाची जागा घेईल की नाही, हे ठरविण्यापूर्वी 'रोजचे काम' या शब्दांनी कोणाला काय अभिप्रेत आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

रोजच्या कामांची यादी करावयास बसले, तर तिचे दोन भाग आपोआप पडतात. बातम्या वाचणे, गाणी ऐकणे, चित्रपट पाहणे, परगावच्या आप्तांशी समोरासमोर बोलणे, विजेचे बिल भरणे, आगगाडीचे तिकीट काढणे, ही सारी पहिल्या भागातली कामे. यांत माणूस प्रामुख्याने घेणारा असतो; दुसऱ्या कोणी तयार केलेली वस्तू त्याच्यापुढे येते आणि तो तिच्यातून निवड करतो. दुसऱ्या भागात पत्र, अर्ज, अहवाल, हिशेबाचे कोष्टक, प्रबंध, संगणकाची आज्ञावली अशी कामे येतात. येथे माणूस घडविणारा असतो. कोऱ्या पानापासून प्रारंभ करून जे अस्तित्वात नव्हते ते त्याला उभे करावयाचे असते. टॅब्लेट आणि संगणक यांच्यातील खरा भेद या दोन भागांच्या सीमेवर उभा आहे.

टॅब्लेट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच लिहिण्याची फळी किंवा पाटी असा आहे. मराठी घराला पाटी अपरिचित नाही. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविणारी मुले, आणि पुढे दगडी पाटीवर पेन्सिलीने उजळणी करणारी मुले, ही आपल्याकडील शिक्षणाची जुनी चित्रे आहेत. त्या पाटीचे प्रयोजन एकच होते आणि ते म्हणजे लिहिणे. वाचावयाचे ते पुस्तकातून. पाटी हाती घ्यावयाची ती स्वतः काही उमटविण्यासाठी. आजच्या काचेच्या पाटीने हे नाते उलटे केले आहे. ती मुख्यतः वाचण्याची, पाहण्याची आणि ऐकण्याची पाटी झाली आहे.

नवलाची गोष्ट अशी, की या यंत्राची कल्पना ज्यांनी प्रथम सविस्तर मांडली, त्यांच्या मनात असे काही नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे ॲलन के यांनी १९७२ साली एक निबंध लिहिला. सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक कसा असावा, हा त्याचा विषय. वहीएवढा, चार पौंडांहून कमी वजनाचा, मुलाने बगलेत धरून झाडाखाली न्यावा असा तो संगणक होता आणि त्याला त्यांनी 'डायनाबुक' हे नाव दिले होते. त्या काळी संगणक एका खोलीत जेमतेम मावत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचे धाडस कळते. परंतु आकारापेक्षाही महत्त्वाचा होता तो हेतू. मुलाने त्या यंत्रावर स्वतः आज्ञावली लिहावी, चित्रे आणि संगीत रचावे, खेळ खेळण्याबरोबरच खेळ तयार करावेत, अशी के यांची अपेक्षा होती. त्यांच्या रेखाचित्रातील डायनाबुकला पडद्याच्या खाली कळफलकही होता.

ती कल्पना प्रत्यक्षात उतरावयास जवळजवळ चार दशके लागली. मधल्या काळात प्रयत्न झाले. १९९३ साली ॲपल कंपनीने 'न्यूटन' नावाचे हातात धरावयाचे यंत्र काढले. ते हस्ताक्षर ओळखेल असे सांगण्यात आले, पण ओळखण्यापेक्षा चुकण्याबद्दलच त्याची प्रसिद्धी अधिक झाली आणि १९९८ मध्ये ते बंद पडले. २००१ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी, पाच वर्षांच्या आत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा वैयक्तिक संगणक टॅब्लेटच्या रूपातलाच असेल, असे भाकीत केले. पाच वर्षे गेली, पण ते भाकीत फळले नाही. त्या वेळची यंत्रे जड होती, महाग होती आणि त्यांच्यावर चालणारी आज्ञावली मुळात माउस आणि कळफलक यांच्यासाठी लिहिलेली होती.

३ एप्रिल २०१० रोजी 'आयपॅड' अमेरिकेत विक्रीस आला तेव्हा चित्र पालटले. सुमारे ६८० ग्रॅम वजन, पावणेदहा इंचांच्या आसपासचा पडदा, दहा तास पुरणारी विद्युत्‌घटाची शक्ती आणि केवळ बोटाच्या स्पर्शासाठी मुळापासून नव्याने रचलेली मांडणी, अशी त्याची वैशिष्ट्ये होती. त्याच वर्षीच्या जून महिन्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी एका मुलाखतीत एक तुलना केली. अमेरिका शेतीप्रधान होती तेव्हा सगळ्या मोटारी मालमोटारी होत्या. लोक शहरांत राहावयास गेले तशा साध्या मोटारी वाढल्या. संगणक यापुढे मालमोटारीसारखा राहील, त्याची गरज संपणार नाही, पण ती थोड्यांना उरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ही तुलना चतुर होती, आणि पुढील तीनचार वर्षे ती खरी होत असल्यासारखी वाटली. २०१४ च्या सुमारास जगभरात वर्षाला सुमारे २३ कोटी टॅब्लेट विक्रीसाठी बाहेर पडत होते. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. २०२३ मध्ये हा आकडा १३ कोटींच्या आसपास होता. उलट ज्या संगणकाच्या निधनाची वार्ता वारंवार दिली जात होती, त्याची विक्री महामारीच्या काळात, २०२१ साली, ३४ कोटींच्या पलीकडे गेली. माणसे घरी बसून खरोखर काम करू लागली, मुले घरी बसून खरोखर शिकू लागली, तेव्हा घराघराने पुन्हा कळफलक असलेल्या यंत्राचा शोध घेतला, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते. टॅब्लेटच्या ओहोटीचे दुसरे एक कारणही आहे. घेण्याची जी कामे टॅब्लेट उत्तम करीत होता, ती करण्याइतका मोठा पडदा मोबाइल फोनलाच लाभला. संगणकाची जागा घेण्यास निघालेल्या टॅब्लेटची स्वतःचीच जागा बरीचशी खिशातल्या फोनने व्यापली.

असे असले तरी टॅब्लेटचे गुण मान्य न करणे अन्यायाचे होईल. तो सुरू होण्यास वाट पाहावी लागत नाही. त्याला पंखा नाही, आवाज नाही, तारांचा गुंता नाही. दृष्टी मंदावलेल्या वृद्ध माणसाला दोन बोटांनी अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्याने आयुष्यात कधी यंत्राला हात लावला नाही, अशा माणसालाही बोटाने वस्तू दाखविणे शिकवावे लागत नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना पूर्वी मराठी मासिक मिळविण्यासाठी टपालाची वाट पाहावी लागे. आता त्यांना मराठी वृत्तपत्र सकाळी पडद्यावर मिळते आणि आकाशवाणीची मराठी केंद्रे 'न्यूज ऑन एअर' या ॲपवरून कोणत्याही प्रांतात ऐकता येतात. या वर्गाच्या दैनंदिन गरजांपुरता विचार केला, तर टॅब्लेटने संगणकाची जागा घेऊन टाकली आहे, हे निःशंकपणे सांगता येईल.

देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने या पाटीचा आणखी एक विशेष आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. संगणकाच्या कळांवर रोमन अक्षरे छापलेली असतात. भारतीय लिपींसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही कळरचना १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि सर्व भारतीय लिपींना एकच क्रम, अशी तिची शास्त्रशुद्ध बैठक आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठी मोठे काम केले. तथापि घरोघरी विकल्या गेलेल्या कळफलकांवर देवनागरी अक्षरे क्वचितच दिसली. परिणामी 'मला संगणकावर मराठी लिहिता येत नाही' असे सांगणारी सुशिक्षित माणसे घराघरांत आढळत राहिली. काचेवर कोणतीही लिपी कोरलेली नसते. जी लिपी हवी तिच्या कळा त्या क्षणी उमटतात. २०१७ साली गूगलने बोललेले मराठी शब्द लिहून देण्याची सोय केली, तेव्हा कळांचीही गरज राहिली नाही. आयुष्यभर मराठी बोललेल्या, पण कळफलकापुढे मुके झालेल्या माणसाला या पाटीने पुन्हा वाचा दिली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

परंतु लिहिणे येथेच संपत नाही; किंबहुना लिहिण्याचा खरा भाग येथून सुरू होतो. बोलून उतरविलेल्या मजकुरात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात, एक शब्द दुसऱ्याच्या जागी आलेला असतो, वाक्य मध्येच तुटलेले असते. ते दुरुस्त करावयास बोट नेमके त्या अक्षरावर टेकवावे लागते. बोटाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर रुंद, तर माउसच्या बाणाचे टोक पडद्यावरील एका ठिपक्याएवढे. त्यात मराठीची जोडाक्षरे. 'वैशिष्ट्य' या शब्दातील एक अवयव बदलण्यासाठी बोट टेकवावे, तर ते अलीकडे किंवा पलीकडे पडते. पुसावयास जावे, तर कधी मात्रा जाते, कधी अक्षर जाते. शिवाय पडद्यावरच्या कळा पडद्याचाच खालचा भाग झाकून टाकतात. चार ओळींच्या निरोपाला हा त्रास जाणवत नाही. चाळीस पानांच्या प्रबंधाला तो असह्य होतो.

हिशेबाचे उदाहरण याहून बोलके आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस वार्षिक सभेसाठी हिशेब तयार करीत आहेत, अशी कल्पना करावी. एका बाजूला बँकेचे खातेपत्रक, दुसऱ्या बाजूला सभासदांच्या वर्गणीची नोंद, मध्ये जमाखर्चाचे कोष्टक, आणि जवळच मागील वर्षीचा अहवाल, असे चार कागद त्यांना सारखे पाहावे लागतात. संगणकावर हे चारही कागद चार खिडक्यांत उघडे राहतात आणि एकातील आकडा दुसऱ्यात क्षणात उचलून ठेवता येतो. टॅब्लेटची मूळ रचना एका वेळी एकच दृश्य दाखविण्याची. एक दार लावून दुसरे उघडावयाचे, पहिल्यातला आकडा मनात धरून ठेवावयाचा. ज्या कामासाठी स्मरणाचा भार यंत्राने वाहावयाचा, तो पुन्हा माणसाच्या डोक्यावर येतो.

टॅब्लेट तयार करणाऱ्यांना या उणिवा कळल्या नाहीत असे नाही. २०१५ साली मोठ्या आयपॅडबरोबर लेखणी आणि जोडावयाचा कळफलक आला. २०१७ मध्ये फाइली ठेवण्याचे कपाट आले, २०२० मध्ये माउसची सोय झाली. २०२५ मध्ये तर संगणकाप्रमाणे लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्याही आल्या. हा सारा प्रवास कोणत्या दिशेने झाला, ते पाहण्यासारखे आहे. संगणकाची जागा घेण्यासाठी टॅब्लेटला पायरी-पायरीने संगणकच व्हावे लागले. आणि कळफलक, लेखणी, आधार हे सर्व जोडून झाल्यावर त्याचे वजन आणि किंमत यांचीही बेरीज बहुधा लॅपटॉपएवढी किंवा त्याहून अधिक होते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही जण म्हणतील, की टॅब्लेट हे दुबळे यंत्र आहे आणि उद्या त्याची शक्ती वाढली की हा वाद मिटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. ॲपलने 'एम-१' नावाची एकच चिप २०२० मध्ये आपल्या संगणकांत बसविली आणि २०२१ मध्ये आपल्या टॅब्लेटमध्ये बसविली. मेंदू तोच, तरी दोन्ही यंत्रांना करता येणारी कामे वेगळी राहिली. तेव्हा भेद शक्तीचा नसून मुभेचा आहे. संगणकाच्या मालकाला आपल्या यंत्रावर हवी ती आज्ञावली कोठूनही आणून चालविता येते. स्वतः लिहिता येते. फाइल कोठे ठेवावयाची आणि कशाने उघडावयाची, हे तो स्वतः ठरवितो. टॅब्लेटवर प्रत्येक ॲप स्वतंत्र कोठडीत राहते आणि बहुतेक ॲप एका ठराविक दुकानातूनच येतात. या बंदिस्तपणामुळे टॅब्लेट सुरक्षित राहतो, त्याला विषाणूंची बाधा कमी होते, नवख्या माणसाच्या हातून काही बिघडत नाही, हे खरे. पण ज्या घरात काहीच बिघडविता येत नाही, त्या घरात काही नवे बांधताही येत नाही.

दुरुस्तीची गोष्टही याच प्रकारची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांनी भारतातील संगणकाला दीर्घायुष्य दिले. स्मृतीची पट्टी बदलली, नवी तबकडी घातली, की दहा वर्षांचे जुने यंत्र पुन्हा कामाला लागते. तेथील गल्ल्यांत कित्येक तरुण संगणक उघडून पाहता पाहता कारागीर झाले. टॅब्लेट हा गोंदाने चिकटविलेला बंद डबा. त्यातील विद्युत्‌घट थकला, की बहुधा यंत्रच निकालात निघते.

मात्र 'टॅब्लेट म्हणजे केवळ करमणूक' असा निष्कर्ष काढणेही चुकीचे आहे. चित्रकाराच्या हातात ही पाटी खरोखरच पाटी होते. प्रसिद्ध ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी २०११ साली यॉर्कशरमधील वसंतागमनाची चित्रे आयपॅडवर काढली, आणि ती २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या आकारात मांडली गेली. गणिताच्या अध्यापकाला पडद्यावर सूत्र लिहून ते दूरच्या विद्यार्थ्यांना दाखविण्यास लेखणी असलेल्या टॅब्लेटसारखे साधन नाही. रुग्णाच्या उशाशी उभे असलेले डॉक्टर, घरोघर हिंडणारा सर्वेक्षक, मापे टिपणारा वास्तुविशारद, यांना उभ्याने आणि एका हाताने काम करावयाचे असते. त्यांच्या बाबतीत संगणक हीच अडचण. जेथे निर्मिती रेषेची आहे किंवा पायांवर उभे राहून करावयाची आहे, तेथे टॅब्लेट श्रेष्ठ. जेथे ती शब्दांची, आकड्यांची आणि आज्ञावलींची आहे, तेथे कळफलक श्रेष्ठ. एवढा विवेक ठेवला, की वादाचा पुष्कळसा धुरळा खाली बसतो.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. विशेष म्हणजे त्या पाहणीच्या व्याख्येत टॅब्लेटही संगणकातच गणला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आयातीवर निर्बंध घोषित केले, तेव्हाही लॅपटॉप आणि टॅब्लेट एकाच वर्गात होते. सरकारी तक्त्यात ही दोन यंत्रे एका रकान्यात बसतात. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ती एका रकान्यात बसत नाहीत. टॅब्लेट दिला म्हणजे संगणक दिला, असे मानण्यात धोका आहे तो हाच.

या दृष्टीने २०११ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी तामिळनाडू सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला. तीन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबर रोजी, नवी दिल्लीत केंद्र सरकारने 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट प्रकाशित केला. एकाच देशात, एकाच महिन्याच्या अंतराने, दोन वेगळ्या मार्गांची निवड झाली होती. आकाशची किंमत अमेरिकी चलनात पन्नास डॉलरच्या आसपास होती आणि सर्व जगाने तिचे कौतुक केले. परंतु पहिल्या आकाशचा सात इंची पडदा दाब देऊन चालवावा लागे, आणि यंत्र मंद होते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाशची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. सरकारी साह्यानंतर विद्यार्थ्याला ती १,१३० रुपयांत मिळावयाची होती.

या योजनेचा एक भाग मुंबईत, पवई येथील आय.आय.टी.कडे होता, आणि तेथील अभियंत्यांनी केलेले एक काम आवर्जून सांगण्यासारखे आहे. सी, पायथन यांसारख्या संगणकभाषांतून विद्यार्थ्याला आकाशवरच आज्ञावली लिहून चालविता यावी, अशी सोय त्यांनी केली. निव्वळ पाठ्यपुस्तके वाचण्याची पाटी पुरेशी नाही, विद्यार्थ्याला तिच्यावर काही घडविता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे ॲलन के यांनी १९७२ मध्ये जे म्हटले होते, त्याच्याशी पवईतील प्रयत्न नकळत जुळला. पुढे ती योजना विरून गेली. तिने शिकविलेला धडा मात्र विरू देण्याजोगा नाही.

श्रीमंत देशांनाही हा धडा स्वस्तात मिळाला नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची प्रचंड योजना हाती घेतली. काही आठवड्यांतच विद्यार्थ्यांनी त्यावरील निर्बंध ओलांडले. नव्या परीक्षा संगणकावर लिहावयाच्या तर कळफलक लागतात आणि त्यांचा खर्च वेगळा पडतो, हेही मागाहून ध्यानात आले. खरेदीच्या प्रक्रियेवर आक्षेप आल्यानंतर २०१४ मध्ये ती योजना थांबविण्यात आली. पुढील वर्षांत अमेरिकेतील बहुसंख्य शाळा कमी किमतीच्या, कळफलक असलेल्या 'क्रोमबुक' यंत्रांकडे वळल्या.

आपल्याकडे हीच परीक्षा २०२० च्या मार्चनंतर घराघरांत झाली. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर आले. ज्या घरी फोन किंवा टॅब्लेट होता, तेथील मूल शिक्षकांचे बोलणे ऐकू शकले. हे थोडे नव्हते, कारण कित्येक घरांत तेही नव्हते. पण उत्तर लिहावयाची वेळ आली, तेव्हा मुलांनी वहीत लिहिले आणि त्या पानाचे छायाचित्र काढून पाठविले. काचेच्या पाटीवर धडा आला, परंतु उत्तर कागदावर गेले. महाविद्यालयातील विद्यार्थी प्रकल्पाचा अहवाल अंगठ्यांनी फोनवर टंकित करीत होते. त्याच वर्गातील, घरी संगणक असलेला विद्यार्थी तेच काम निम्म्या वेळात करून पुढे जात होता. दोघेही हजेरीपटावर सारखेच 'उपस्थित' होते. त्यांच्यातील अंतर मोजणारा रकाना कोणत्याच पटावर नव्हता.

या अनुभवांतून व्यवहाराचे काही नियम निघतात. घरातील निवृत्त माणसांसाठी, प्रवासासाठी, वाचन-श्रवणासाठी टॅब्लेट घ्यावा. त्यांच्यावर संगणक लादण्यात अर्थ नाही. चित्रकलेची ओढ असलेल्या मुलाला लेखणीसह टॅब्लेट द्यावा. पण घरात एकच यंत्र घेण्याची ऐपत असेल आणि त्या घरात शिकणारे मूल असेल, तर ते यंत्र कळफलकाचे असावे, मग ते जुने आणि दुसऱ्याने वापरलेले का असेना. मुक्त आज्ञावली घातलेला पाचसात वर्षांचा जुना संगणक लिहिण्यास, हिशेबास आणि आज्ञावली शिकण्यास अजूनही पुरतो. टॅब्लेट आधीच घेतला असेल, तर त्याला साधा कळफलक जोडावा आणि त्यावर मराठी टंकलेखन मुलाला पद्धतशीर शिकवावे. दहाही बोटांनी मराठी लिहिता येणे, हे आज पूर्वीच्या वळणदार अक्षराइतकेच मोलाचे झाले आहे. शाळांच्या बाबतीत तर अधिक सावध राहिले पाहिजे. टॅब्लेट आले म्हणून संगणकाची खोली बंद करणे, म्हणजे ग्रंथालय उघडले म्हणून लेखनाचा तास रद्द करण्यासारखे आहे.

टॅब्लेट संगणकाची जागा घेईल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच प्रत्येक घराला वेगळे मिळेल. ज्यांचे घडविण्याचे दिवस सरले आहेत किंवा ज्यांचे काम रेषांचे आणि भटकंतीचे आहे, त्यांच्यापुरती ती जागा त्याने घेतलीच आहे, आणि त्यात हळहळण्यासारखे काही नाही. परंतु ज्यांचे आयुष्य अजून लिहावयाचे आहे, त्यांच्या हातून कळफलक काढून घेऊन केवळ पडदा ठेवणे, हे बचत म्हणून कितीही आकर्षक दिसले तरी महागात पडणारे आहे. एखाद्या समाजातील मूठभर मुले आज्ञावली लिहितात आणि बाकीची सारी ती वापरतात, अशी वाटणी एकदा पक्की झाली, की ती पुसण्यास पिढ्या लागतात. जुन्या शाळेतील गरिबातल्या गरीब मुलाच्या पाटीबरोबर पेन्सिलीचा एक तुकडा तरी असेच. नव्या पाटीबरोबर त्या तुकड्याच्या जागी काय द्यावयाचे, हे आईबापांनी, शाळांनी आणि सरकारांनी ठरवावयाचे आहे.